मागची शिवण

“पाय घट्ट धरा. जरासुद्धा हलू द्यायचा नाही,” डॉक्टर म्हणाले आणि भिंग घेऊन माझ्या मुलीच्या पायावर वाकले.

शर्वी तेव्हा पाच महिन्यांची होती. पहाटेपासून एकसारखी रडत होती. पोट दुखत असेल म्हणून उजामावशीने हिंग लावला, कान असेल म्हणून शेक दिला. दहाच्या सुमाराला मोजे बदलताना मला दिसलं, डाव्या पायाचं मधलं बोट पिकत आलेल्या करवंदासारखं झालं होतं. अनवाणीच रिक्षात बसले होते मी.

“केस आहे,” डॉक्टर म्हणाले. “वेढे पडलेत. आत रुतलाय.”

बारीक चिमट्याने त्यांनी तो सोडवला आणि ट्यूबलाइटपुढे धरला. हातभर लांब, काळा. माझा.

“अजून एक दिवस गेला असता तर बोटावर बेतलं असतं.”

“बाळ ओळख दाखवायला लागलं की आईचे केस गळतातच हो,” मावशी म्हणाली. “आमचेपण गळायचे. कुणाचं बोट गेलेलं ऐकलं नाही.”

“तुमच्या वेळी पोरांना चोवीस तास मोजे नव्हते घालत,” डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले.

मोजे मी घालत होते. थंडी बाधू नये, डास चावू नये, नखाने ओरखडू नये म्हणून.

त्याच संध्याकाळी पार्लरमध्ये जाऊन मी केस कानाच्या वर कापून आले. घरातली सगळी दुपटी, झबली, चादरी उलटी करून झटकली. त्या दिवसापासून शर्वीची वीस बोटं दिवसातून चार वेळा तपासायची, असं ठरवून टाकलं. मावशी दारात उभी राहून बघत होती.

“शैलाचं वर्ष झालं नाही अजून, आणि तू केस कापून आलीस,” एवढंच म्हणाली.

शैला म्हणजे माझी आई, मावशीची थोरली बहीण. आणि अशा त्या घरात, अशा त्या दिवसांत मला मिरजेहून एका बाईचे फोन यायचे, की तुझ्या आईच्या केसांचं काम तयार आहे, घेऊन जा.

ह्या गोष्टीला आता सात वर्षं होत आली.

आई तासगावला जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवायची. तिचे केस कमरेच्या खाली जायचे. रविवारी ती मोरीत पाटावर मान खाली घालून बसायची आणि मी तांब्याने शिकेकाईचं पाणी घालायचे. “हळू गं, डोळ्यात जातंय,” म्हणायची, पण उठायची नाही. लग्न होऊन पुण्याला गेल्यावरही मी तासगावला आले की ते काम माझंच.

मी तिला शेवटची भेटले ती गणपतीत. त्यानंतर पंधरा दिवसांनी तिच्या काखेत गाठ निघाली. मिरजेच्या दवाखान्यात दर एकवीस दिवसांनी औषध चढवायचं ठरलं. त्याच सुमाराला मला दिवस गेल्याचं कळलं. आधीचं एक तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, त्यामुळे डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितला. तरी मी आईला फोनवर म्हणाले, मी येते.

“आलीस तर दार उघडणार नाही,” आई म्हणाली. “मी आहे तशी आहे. तू पोटातलं सांभाळ.”

मी सांभाळलं. रोज फोनवर तिचा चेहरा बघायचे. डोक्याला निळा स्कार्फ, मागे तासगावच्या घराची भिंत. जानेवारीत तिला ताप आला आणि चार दिवसांत ती गेली. निघायला मी बॅग भरली होती. सासूबाई, माझा नवरा रणजित, फोनवरून खुद्द पप्पा, सगळे एकच म्हणाले, पोटुशी बाईने ते बघायचं नसतं. मी बॅग पुन्हा रिकामी केली. तेराव्याला तासगावला पोचले तेव्हा हार घातलेला फोटो होता. फोटोत वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली.

“पप्पा, आईचे केस कुठे आहेत?” मी विचारलं.

“कसले केस?” पप्पा म्हणाले. “ते दवाखान्यातच राहिले असतील.”

बाळंतपणाला मी सांगलीला मावशीकडे आले. रणजित कंपनीच्या कामावर वर्षभरासाठी जर्मनीला गेला होता, पुण्याचं घर बंद होतं, म्हणून तिथेच राहिले. शर्वीच्या बारशाच्या आदल्या दिवशी पहिला फोन आला.

“शैलाबाईंची लेक का? तेजू का तू?”

“मी तेजस्विनी. कोण बोलतंय?”

“मी मालन रेळेकर, मिरजेहून. केसांची चित्रं करते ती. आईनं सांगितलं नसंल तुला. तिच्या केसांचं काम हाय माझ्याकडं. बारशाला द्यायचं हुतं. कधी येतीस?”

 “कसलं काम?” एवढंच विचारलं.

“ते फोनवर सांगायचं न्हाई. येऊन बघ.”

मावशीला नाव ठाऊक होतं. “ती केसवाली? दवाखान्याच्या मागच्या गल्लीतली? बायकांचे केस गोळा करते आणि सुईत ओवून चित्रं शिवते. पेपरात फोटो आला होता तिचा. मला तर बाई शिसारीच आली.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “शैलाने तिला केस दिले? मला न सांगता?”

मी मालनताईंना म्हणाले, सव्वा महिना झाला की येते. मग म्हणाले, तीन महिन्यांची लस होऊ दे. मग पाऊस होता, डेंग्यूची साथ होती, दवाखान्याची गल्ली होती. सांगली ते मिरज दहा किलोमीटर. मग ते बोटाचं झालं, आणि त्यानंतरच्या फोनला मी म्हणाले, “सध्या नको. घरात लहान बाळ आहे, केसांचं काही नको.”

“बरं,” त्या म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर मी तो बराच वेळ हातात धरून उभी होते. कारण मला ते हवं होतं. रोज दुपारी शर्वीला पाजताना मी तेच बघायचे, आईचा चेहरा, तिच्याच केसांनी काढलेला, मधे भांग, कानामागे वळलेली बट. चौकटीत, काचेच्या आत. पुण्याच्या घरात कुठल्या भिंतीवर लावायचा तेसुद्धा ठरलं होतं. काच असली की भीती नव्हती. नुसतं जाऊन आणायचं होतं आणि तेवढंच माझ्याने होत नव्हतं.

जानेवारीत पुन्हा फोन आला.

“अकरा तारखेला वर्ष हुतंय तिला,” मालनताई म्हणाल्या. “वर्षाच्या वर मी गेलेल्या बाईचं काम ठेवत न्हाई. घरचं कुणी आलं तर बरं, न्हाईतर कृष्णेला सोडते. आजवर तीन सोडली. तुला राग येऊ दे, पण माझा नेम हाय तो.”

नऊ तारखेला मी रिक्षा बोलावली. मावशी चपला घालून माझ्या आधी बाहेर उभी.

“तू कशाला? तुला शिसारी येते ना?”

“मी बाहेर बसेन,” मावशी म्हणाली. “तिच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही.”

गल्लीत दोन्ही बाजूंनी सतारवाल्यांची दुकानं. गच्च्यांवर वाळत घातलेले भोपळे. कुणीतरी एकच तार पिळून पिळून लावत होतं. मालनताईंचं घर टोकाला, बुटकं, पुढे ओटा. मावशी शर्वीला घेऊन ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसली. मी एकटीच आत गेले.

साठीच्या बाई. ठेंगण्या, जाड चष्मा, पदर कमरेला खोचलेला. मला आपादमस्तक बघितलं आणि नजर माझ्या कानांवर येऊन थांबली.

“केस कुठं गेलं?”

“कापले.”

“आणि टाकलंस? मला तरी द्यायचंस की.” मग माझ्या मागे बघत, “लेकरू कुठाय?”

“बाहेर आहे, मावशीजवळ. इथे नको. केस असतात ना.”

“हितं एक केस खाली पडलेला दाव, मी काम सोडून देते,” मालनताई म्हणाल्या. “माझ्याकडं केस मोजून असत्यात. गळत्यात ते तुमच्या घरात.”

खरंच, शहाबादी फरशी आरशासारखी होती. भिंतीला लावलेल्या दोरीवर केसांच्या जुड्या टांगलेल्या, काळ्या, करड्या, मेंदीच्या तांबूस, प्रत्येकीला पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. कोपऱ्यात रिठ्याच्या पाण्याची बादली. आणि समोरच्या भिंतीवर चित्रं. पांढऱ्या मलमलीवर एकेका केसाने शिवलेली, इतकी बारीक की लांबून पेन्सिलीची वाटावीत. एक कळशी. एक सायकल, तिचा प्रत्येक आरा एकेक केस. रवंथ करणारी म्हैस. दारात काढून ठेवलेल्या, अंगठा झिजलेल्या चपला.

“मी विचारते, काय काढू? केस तिचं, मग चित्रपण तिनंच सांगायचं,” मालनताई म्हणाल्या. “ही म्हैस बेडगच्या बाईची. चपला एका मास्तरणीच्या. एक जण म्हणाली, काय बी काढा, आमच्या मालकांचं तोंड तेवढं काढू नका.”

“आईने काय सांगितलं?”

त्या उठल्या. फळीवरून पत्र्याचा डबा काढला, त्यातून पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी, आणि माझ्या मांडीवर ठेवलं. ते मऊ होतं. चौकट नव्हती, काच नव्हती. मी फडकं सोडलं.

कुंची होती. लहान मुलाच्या डोक्यावर घालतात ती, मागे पाठीवर लोंबणारी. पांढरी मलमल. कडेने आणि मागच्या शिवणीवरून काळ्या टाक्यांची रांग. टाके वाकडे, कुठे लांब, कुठे आखूड, जागोजागी बारीक गुंते.

भिंतीवरच्या चित्रांकडे बघितलं आणि परत मांडीकडे.

“हे तुम्ही केलंत?”

“मी? असलं वाईट काम माझं असतं व्हय?”

“मग?”

“आईनं केलंय तुझ्या.”

बाहेरून मावशीचा आवाज आला, “कधी केलं? मी असायचे तिच्याबरोबर दवाखान्यात!”

“रक्त द्यायच्या दिवशी नसायचीस गं बाई तू,” मालनताई दाराकडे तोंड करून म्हणाल्या. “त्या दिवशी ती एकटी यायची तासगावच्या एसटीनं. सकाळी तपासायला रक्त द्यायची, चारला रिपोर्टचा कागद मिळायचा. मधले सगळे तास हितं, तू बसलीयास त्या जागी.”

ओट्यावर मावशीने रस्त्याकडचं तोंड दाराकडे वळवलं.

“पहिल्यांदा आली ती वेणी घेऊनच,” मालनताई मला म्हणाल्या. “औषध चढवायच्या आधीच कापून घेतलेली, पेपरात बांधून. नर्सनं सांगितलं हुतं माझं नाव. मी विचारलं, काय काढू? म्हणाली, कुंची करा, लेकीला बाळ हुणाराय. मी म्हटलं, अंगात घालायचं मी करत न्हाई. केस म्हंजे दोरा न्हवं, ते भिंतीवरच बरं. तर म्हणाली, मग मला शिकवा.”

“आईला शिवता यायचं नाही,” मी म्हणाले. “बटणसुद्धा पप्पा लावायचे.”

“ते मला दिसलंच की. त्यात औषधानं बोटं बधिर. सुई पडायची, सापडायची न्हाई. आणि कोरडा केस टाक्यात तुटतो, ओठात धरून ओला करावा लागतो. तिच्या तोंडात तर फोड आलेलं. मग मी ओठात धरायची, ओवायची, तिच्या हातात द्यायची. एकेक केस.”

मी त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. तेव्हा जे वाटलं ते चांगलं नव्हतं. माझ्या आईचा एकेक केस ह्या बाईने ओठात धरला होता आणि मी पुण्याला गादीवर डाव्या कुशीवर झोपून फोनची वाट बघत होते.

“ही बकुळीची फुलं हायत म्हणं,” मालनताईंनी कडेच्या रांगेवर बोट ठेवलं. “मी म्हटलं, बाई, ह्या मुंग्या दिसत्यात. लई हसली. म्हणाली, असू दे, मुंग्याच म्हणून सांगा.”

“माझ्याबद्दल काही बोलायची?”

“दर वेळी.”

“काय?”

“तू किती भितीस ते.” मग माझा चेहरा बघून जरा हळू म्हणाल्या, “रागानं न्हाई गं. कौतुकानंच. फोन झाला की सांगायची, आज लेकीनं गॅस बंद केल्याचा फोटो काढून मला पाठवला.”

मी कुंची उलटी केली. टाक्यांची मागची बाजू, सुटलेली टोकं, गाठी, मला ते बघायचं होतं. पण आत एक टोक दिसेना. मऊ मलमलीचं अस्तर होतं, आणि चिमटीत धरलं तर त्याच्या आत आणखी एक.

“दुहेरी हाय,” मालनताई म्हणाल्या. “अस्तर तेवढं माझ्या हातचं. तिनंच सांगितलं घालायला. म्हणाली, माझी लेक आधी उलटी करून बघंल. एक केस लेकराला लागता कामा नये.”

मी उठले. ओट्यावर जाऊन मावशीकडून शर्वीला घेतलं आणि आत आणलं. मावशी मागोमाग उंबऱ्यापर्यंत आली.

“तेजू, मेलेल्या माणसाचे केस आहेत ते,” ती म्हणाली. “लेकराच्या डोक्यावर?”

“आईचे आहेत, मावशी.”

तिने चपला काढल्या. मग पदर सावरून आत येऊन भिंतीला टेकून बसली. मालनताईंनी न विचारता पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

शर्वीला मांडीवर घेतलं. ती दोरीवरच्या जुड्यांकडे टक लावून बघत होती. मी कुंचीचं तोंड दोन्ही हातांनी रुंद केलं आणि तिच्या डोक्यावर ठेवली. खाली ओढली. कानांच्या वर येऊन ती अडकली. थोडी फिरवून पुन्हा ओढली. शर्वीने तोंड वेडंवाकडं केलं. कुंची पुढे येईना, मागे जाईना, टोपीसारखी डोक्यावर तरंगत राहिली.

“डोकं मोठंय हिचं,” मावशी घाईने म्हणाली. “बापावर गेलंय.”

 मी मालनताईंना विचारलं, “बारशाला आणली असती तर?”

“बारशाला बसली असती.”

“तिसऱ्या महिन्यात?”

“तवाबी बसली असती, जरा घट्ट.”

शर्वीने एका हाताने कुंची ओढून काढली आणि तिचा कोपरा तोंडात घातला. मी तो सोडवून घेतला. बारसं, लस, पाऊस, डेंग्यू. मी एकेक कारण आठवत होते आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं.

“हे बघ,” मालनताई म्हणाल्या, “दोन गोष्टी हुतील. एक म्हंजे आहे तशी ठेवायची. मी काचेत बसवून देते, भिंतीला लाव. न्हाईतर ही मागची शिवण उसवायची आणि मधी चार बोटं पट्टी घालायची. मग अजून सहा महिनं घालता येईल.”

“शिवण उसवली तर आईचे टाके?”

“ते गेलं. कडेच्या मुंग्या राहत्यात, मागची शिवण गेली. केस एकदा टाक्यातनं निघाला की परत ओवता येत न्हाई. दुमडलेल्या जागी मोडतो.” त्यांनी शिवणीवरून अंगठा फिरवला. “आणि सगळ्यात बरी हीच जमलीय तिला. शेवटची केलेली. ताप यायच्या आधी पाच दिवस.”

मी वाकून बघितलं. खरंच, तिथे टाके सरळ होते. एकसारखे, जवळजवळ. शेवटी शेवटी तिला येत होतं.

“ठेव बाई अशीच,” मावशी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “काचेत ठेव. शैलाच्या हातचं आहे. चांगली राहील.”

काच तर मला पहिल्यापासून हवी होती. भिंतसुद्धा ठरलेली होती. मी हो म्हणणारच होते. पण गेलं दीड वर्ष मी आईला काचेतूनच बघत आले होते, आधी फोनच्या, मग हार घातलेल्या फोटोच्या.

“उसवा,” मी म्हणाले.

“परत विचार कर.”

“केला. उसवा.”

“मी न्हाई,” मालनताई म्हणाल्या आणि छोटी कात्री माझ्यापुढे ठेवली. “दुसऱ्याच्या टाक्याला मी कात्री लावत न्हाई. तुझी आई, तू उसव.”

शर्वीला मावशीकडे दिलं. कुंची गुडघ्यावर ताणून धरली, कात्रीचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं. दोनदा टोक निसटलं. तिसऱ्यांदा टाका कापला गेला. आवाजसुद्धा झाला नाही. दुसरा कापला, तिसरा कापला. चौथ्याला केसाचं टोक वर आलं आणि मी ते चिमटीत धरून ओढलं.

ओढतच राहिले. तो संपेचना. मलमलीतून एकेक टाका सुटत तो बाहेर येत होता, नागमोडी झालेला, जिथे जिथे आईने दुमडला तिथे तिथे वळण घेऊन. बोटाला खरखरीत लागला. आईचे केस जाड होते, हे मी विसरले होते. विसरले होते हेच मला तिथे कळलं. मी तो तर्जनीवर घेतला. रिठ्याचा वास होता, तिचा नव्हता. तरी बोट ओठांपर्यंत नेलं आणि तिथेच धरून बसले.

मालनताईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

“आता सांगायला हरकत न्हाई,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“मी तिला म्हटलं हुतं. शेवटच्या दिवशी. बाई, माप लहान घेतलंयस. तीन-चार महिन्यांपुरती बसंल, मग बाद. अजून कापड हाय, चार बोटं वाढव. तर म्हणाली, नको, एवढीच असू दे. म्हणाली, तेजू काय बारशाला येणार न्हाई तुमच्याकडं. सहा-सात महिनं तरी न्हाई. लेकराला घेऊन दवाखान्याच्या गल्लीत? छे.”

मावशीच्या तोंडून हसू फुटलं आणि तिथेच थांबलं.

“मी म्हटलं, पण तू असशीलच की बारशाला, तूच घाल. त्यावर काय बोलली न्हाई. कागद तिनं वाचलेला आदल्या वेळचा. तुम्हाला कुणाला सांगितला नव्हता. मला तेवढं बजावून गेली, लेकीनं काचेत ठेवते म्हटलं तर द्या बसवून, हे काही सांगू नका तिला. उगाच मनाला लावून घेईल.”

“आणि उसवते म्हणाले तर?”

“तर सांगा म्हणाली.” मालनताईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “म्हणाली, ते लोकं तिला येऊ देणार न्हाईत माझ्याजवळ, आणि मीबी देणार न्हाई. कुंची उसवायला घेतली तर तेवढ्यापुरतं तरी माझं केस तिच्या हातात येतील.”

बाहेर कुणीतरी ती सतारीची तार अजून लावत होतं.  मावशी शर्वीच्या डोक्यावर हनुवटी टेकून बसली होती, डोळे मिटून.

मी कात्री खाली ठेवली. मालनताईंच्या सुया टोचायच्या गादीतली एक सुई घेतली आणि तिच्या टोकाने पुढचा टाका हळूच उचलला, न कापता. केस सैल केला, बाहेर काढला, मांडीवरच्या पांढऱ्या फडक्यावर सरळ ठेवला. मग पुढचा.

“कात्रीनं लवकर होईल गं,” मावशी म्हणाली. “पोरीच्या दूध प्यायच्या वेळेला घरी जायचंय ना?”

“इथेच पाजते तिला,” मी म्हणाले. “मला घाई नाही.”

मालनताई उठून चहाचं आधण ठेवायला आत गेल्या. कपबश्या किती काढू, म्हणून त्यांनी आतून विचारलं आणि मावशी म्हणाली, “तीन.” चहा झाला, शर्वी पिऊन माझ्या मांडीवरच झोपली, दारातलं ऊन ओट्यावरून खाली उतरलं, तरी माझी शिवण अर्धीच उसवून झाली होती.